वारसाचा रकाना

पुण्यातल्या एका लहान गेम स्टुडिओत मी लेखिका म्हणून काम करते. गेमसाठी लिहायचं म्हणजे संवाद लिहायचे, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या कामात संवाद थोडे आणि नियम फार. आमचा सध्याचा खेळ अंतराळातल्या साम्राज्यांचा आहे. खेळणाऱ्याने एक राजघराणं निवडायचं, ताऱ्यांचे सुभे जिंकायचे, राखायचे, आणि पिढ्यान् पिढ्या घराणं टिकवायचं. एक डाव चार-पाच शतकं चालतो. तेवढ्या काळात राज्यकर्ते मरतात, नवे येतात, तेही मरतात. ही ये-जा कशी व्हावी हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. एक्सेलची लांबलचक शीट: नाव, वय, घराणं, लिंग, गुण, अवगुण, आणि सगळ्यात उजवीकडे ‘वारस’ नावाचा रकाना. तो रकाना कुठल्या नियमाने भरायचा ते मी लिहून द्यायचं आणि प्रोग्रॅमरने त्याचा कोड करायचा.

कादंबरीत या प्रश्नाला बगल देता येते. सम्राज्ञी सिंहासनावर बसलेली दाखवली, तिचा दरारा रंगवला, तिचं एकाकीपण रंगवलं, की वाचक तिच्यामागे जातो. ती तिथवर पोचली कशी, तिला धाकटा भाऊ असता तर काय झालं असतं, तिच्या मुलीचं पुढे काय होणार, हे लेखकाने सांगितलं नाही तरी चालून जातं. प्रोग्रॅमरला चालत नाही. मुलगा असेल तर? नसेल तर? मुलगी थोरली आणि मुलगा धाकटा असेल तर? राणीचा नवरा दुसऱ्या घराण्यातला असेल तर मूल कुठल्या घराण्याचं? त्याला प्रत्येक फाट्यावर उत्तर हवं असतं, आणि त्याचं हे विचारणं मला या सगळ्या कामात सगळ्यात मोलाचं वाटत आलंय.

उत्तरं शोधायला मी विज्ञानकथांमधली साम्राज्यं पुन्हा वाचायला घेतली. पूर्वी ती कथानकासाठी वाचली होती. या खेपेला फक्त वारशाचा कायदा शोधत गेले, आणि एक गोष्ट मनात पक्की होत गेली. एखाद्या साम्राज्यात बाईला काय स्थान आहे याचा अंदाज सिंहासनावर कोण बसलंय यावरून बांधू नये. ते सिंहासन एका हातातून दुसऱ्या हातात कसं जातं, ते पाहावं. प्रकाशापेक्षा वेगाने धावणारी जहाजं ज्यांना सुचली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी वारशाचा कायदा मात्र मध्ययुगातून जसाच्या तसा उचलला.

आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतल्या कथा १९४२पासून ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकन मासिकात येऊ लागल्या. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या गिबनच्या ग्रंथावरून ही कल्पना सुचली, असं त्यानेच सांगितलंय. त्यातली ‘द जनरल’ ही कथा तर उघडउघड बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि त्याचा सेनापती बेलिसारियस यांच्यावर बेतलेली आहे: पराक्रमी सेनापती आणि त्या पराक्रमालाच घाबरणारा सम्राट. सेनापतीचं नावसुद्धा बेल रिओझ. पण इतिहासातल्या त्या दरबारात जस्टिनियनची बायको थिओडोरा होती. ५३२ साली राजधानीत बंड पेटलं तेव्हा पळून जाण्याच्या विचारात असलेल्या नवऱ्याला तिने रोखून धरलं, असं इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. बेलिसारियसची बायको अँटोनिना मोहिमांवर त्याच्याबरोबर जायची आणि राजकारणात स्वतःचे डाव टाकायची. असिमोव्हने सम्राट घेतला, सेनापती घेतला, दोघांमधला संशय घेतला. या दोघी मात्र त्याने सहाव्या शतकातच ठेवल्या. पहिल्या पुस्तकात लक्षात राहावी अशी बाई जवळजवळ एकच, कोरेल नावाच्या ग्रहाच्या सत्ताधीशाची बायको. एक व्यापारी तिच्यासाठी चमचमणारा दागिना आणतो आणि व्यापाराचं गाडं पुढे सरकतं.

असिमोव्ह पुढे बदलला, हेही सांगायला हवं. १९४५च्या ‘द म्यूल’ या कथेत बेटा डॅरेल सगळ्या पुरुषांच्या आधी खरा शत्रू ओळखते आणि ऐन क्षणी जे करायला कुणाचा हात धजला नसता ते करते. १९८२ साली आलेल्या ‘फाउंडेशन्स एज’मध्ये टर्मिनस या ग्रहाच्या महापौरपदावर हार्ला ब्रॅनो आहे, करारी, कावेबाज, निवडून आलेली. पण हे महापौरपद आहे. सम्राटपदाच्या बाबतीत त्याने तो बदल केला नाही. २०२१ साली या कादंबऱ्यांवर मालिका आली, तेव्हा सॅल्व्हर हार्डिन आणि गाल डॉर्निक या मूळ पुरुष पात्रांना स्त्रिया केलं गेलं. त्यावर खूप बोललं गेलं. माझं लक्ष सिंहासनाकडे होतं. मालिकेत तिथे क्लिऑन नावाच्या एकाच पुरुषाचे क्लोन पिढ्यान् पिढ्या बसतात, तरुण, प्रौढ आणि म्हातारा असे तिघं एकाच वेळी. म्हणजे वारशातून आईच काढून टाकली. मुलगी जन्माला यायची शक्यताच उरली नाही. वारशाचा याहून बंदिस्त नियम मला कुठे सापडलेला नाही, आणि मालिका लिहिणाऱ्यांना त्याची पूर्ण जाणीव आहे. त्या घराण्याचं कुजणं त्यांनी त्यातूनच दाखवलंय.

‘तो काळच तसा होता’ असं असिमोव्हबद्दल बोलताना नेहमी म्हटलं जातं. आमच्या स्टुडिओतही म्हटलं गेलं. त्याला माझ्याकडे एक उत्तर आहे आणि ते मी दर वेळी देते. १९४३ साली, त्याच ‘अस्टाउंडिंग’ मासिकात, त्याच जॉन कॅम्बेल या संपादकाच्या हाताखाली, सी. एल. मूर या लेखिकेची ‘जजमेंट नाइट’ ही कादंबरी क्रमशः आली. तिच्यात आकाशगंगेवर राज्य करणाऱ्या सम्राटाची मुलगी ज्युइल ही वारस आहे. स्वतः लढणारी आहे. बाप तहाचा विचार करतो, ती युद्धाचा. ती वारस का आहे, हे कुणी कुणाला समजावून सांगत बसत नाही. मूरने तिला चांगलं ठेवलेलं नाही. तिचा हट्ट, तिचं रक्तपिपासूपण, त्याची तिला मोजावी लागलेली किंमत, सगळं आहे. राज्य करणाऱ्या बाईला चुकायचा पूर्ण हक्क दिलाय. ‘फाउंडेशन’ घराघरांत पोचली आणि ‘जजमेंट नाइट’ विज्ञानकथेच्या जुन्या वाचकांपुरती राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’पाशी (१९६५) मी सगळ्यात जास्त रेंगाळले, कारण वारशाचा इतका बारीक विचार करणारं दुसरं साम्राज्य नाही. पादिशहा सम्राट शद्दाम चौथा याला पाच मुली, मुलगा नाही. हा योगायोग नाही. बेने जेसेरिट या स्त्रियांच्या गुप्त पंथाचा तसा हुकूम आहे आणि शद्दामची बायको त्या पंथातली आहे. हा पंथ एका तारणहार मुलासाठी पिढ्यान् पिढ्या मोठ्या घराण्यांच्या सोयरिकी जुळवतोय. लेडी जेसिकाला हुकूम होता मुलीचा. तिने जोडीदाराच्या प्रेमाखातर मुलगा होऊ दिला आणि तिथून साऱ्या कथेची उलथापालथ झाली. कुणाच्या पोटी काय जन्मावं हे बायका ठरवतात. एवढी सत्ता हातात असूनही सम्राटाच्या पाच मुलींपैकी एकीलाही सिंहासन मिळू शकत नाही. थोरली इरुलान शिकलेली आहे, इतिहासकार आहे. कादंबरीतल्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तिच्याच लेखनातला उतारा आहे. सिंहासन तिच्या नवऱ्याला मिळतं. तिच्याशी लग्न करून जेसिकाचा तो मुलगा, पॉल, सम्राट होतो, तिला बायकोचं नाव देतो आणि बाकी काही देत नाही.

मी हा नियम जसाच्या तसा शीटमध्ये लिहून पाहिला. ‘मुलगी: वारस नाही. मुलीचा नवरा: वारस.’ प्रोग्रॅमर म्हणाला, “अगं, मग मुलीचा रकाना कशाला ठेवतेस? लग्नाचा ठेव फक्त.” त्याने कोडच्या अंगाने म्हटलं होतं. हर्बर्टच्या साम्राज्याचं वर्म मात्र त्या वाक्यात आलं. सत्ता तिच्यातून वाहते, तिच्यापाशी थांबत नाही.

याच सुमाराला आमच्या शीटमधलीच एक गोष्ट समोर आली, तिने मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं. नियम तपासायला आम्ही खेळ रात्रभर आपोआप चालू ठेवतो. सगळी साम्राज्यं संगणकच खेळतो, शेकडो डाव होतात, सकाळी आलेख तयार असतो. त्या सकाळी आलेख सांगत होता की राण्या टिकत नाहीत. स्त्री राज्यकर्ती आली की कारभार ढासळतो, सुभेदार बंड करतात, आणि तिच्यानंतर पुरुष आला की घडी बसते. आम्ही तर वारशात मुलगा-मुलगी समान ठेवली होती. गुणांचे आकडे दोघांना सारखेच पडत होते. एक सहकारी आलेखाकडे बघून म्हणाला, “डेटाच सांगतोय.” तो वाईट माणूस नाही. आलेख समोर असला की कुणालाही तसंच वाटतं.

मी घटनांची शीट उघडली. राज्यकर्त्याच्या आयुष्यात घडणाऱ्या घटना तिथे ओळीने असतात: आजार, विजय, कट, लग्न, मूल. ‘मूल झालं’ या घटनेला दोन ओळी होत्या. राज्यकर्ता पुरुष असेल तर ‘प्रतिष्ठा अधिक दहा’. स्त्री असेल तर ‘कारभार उणे दोन, पाच वर्षं’, आणि पुढे बाळंतपणात दगावण्याची लहानशी शक्यता. या ओळी आमच्या खेळासाठी कुणी लिहिल्याच नव्हत्या. एका मध्ययुगीन विषयावरच्या जुन्या, अर्धवट राहिलेल्या प्रकल्पातून शीट उचलली होती, तिच्याबरोबर त्या आल्या. तिथे त्यांना काही अर्थ होता. इथे माणसं ताऱ्यांच्या मधलं अंतर काही दिवसांत कापत होती, आणि राण्या बाळंतपणात दगावत होत्या. चार मुलं झाली की राणीच्या कारभारातली वीस वर्षं उण्यात. तेवढ्यावर सुभेदार बंड करायचे. त्याच चार मुलांनी राजाची प्रतिष्ठा चाळीसने वाढायची.

ती ओळ लहान होती, शेकडो ओळींमधली एक. पण यंत्र ती ओळ न थकता, न विसरता, प्रत्येक राणीला लावत होतं आणि शेवटी त्यातून जो आलेख निघाला तो इतिहासासारखा दिसत होता. एखाद्याने नुसता आलेख पाहिला असता तर राणीच कमकुवत असं म्हणाला असता. मी ती शीट मीटिंगमध्ये पडद्यावर लावली आणि दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. खोलीत वाद झाला नाही. मूल झालं की दोघांनाही प्रतिष्ठा, दोघांनाही थोडी दगदग, असं ठरलं. पुढच्या खेपेला आलेखातली ती दरी नाहीशी झाली.

याच टप्प्यावर मला लॉइस मॅकमास्टर ब्युजोल्ड पुन्हा भेटली. तिच्या कादंबऱ्यांत गर्भ शरीराबाहेर यंत्रात वाढतो. हे यंत्र तिथे दिखाऊ नाही. जिथे ते पोचतं तिथला वारशाचा, लग्नाचा, अब्रूचा सगळा हिशेब हळूहळू बदलू लागतो, आणि ब्युजोल्ड तो बदल अनेक पुस्तकांमधून शांतपणे दाखवत राहते. तिचा बारायार हा ग्रह शतकानुशतकं बाकीच्या माणसांपासून तुटलेला होता, म्हणून तिथे सम्राट आहे, काउंटांची परिषद आहे, आणि मुलींना वारसा नाही. १९९९च्या ‘अ सिव्हिल कॅम्पेन’मध्ये एक काउंट निपुत्रिक मरतो. त्याची बहीण डोना भावाचा कारभार सांभाळू शकेल इतकी समर्थ आहे, पण कायद्याने गादी जाणार एका नीच चुलतभावाकडे. डोना बीटा नावाच्या पुढारलेल्या ग्रहावर जाते आणि डोनो होऊन परत येते. शरीराने, कायद्याने पुरुष. आता कायदा काय करणार? परिषदेत मतदान होतं आणि डोनो काउंट होतो. याच परिषदेच्या इतिहासात एका काउंटने आपला घोडा वारस म्हणून मंजूर करून घेतलेला आहे. घोडा चालला, बहीण चालली नाही.

मला या प्रसंगात डोनाचं धाडस दिसतंच, पण त्याहून जास्त दिसतो तो कायदा, ज्याचं एक अक्षरही बदललं नाही. तिने शरीर बदललं, कारण कायदा बदलण्यापेक्षा ते सोपं होतं. आमच्या खेळात हा प्रसंग मी एका घटनेच्या रूपाने ठेवलाय. पुरुषप्रधान वारशाच्या साम्राज्यात थोरली मुलगी असा दावा लावू शकते आणि खेळणाऱ्याला दोन पर्याय मिळतात: तिला मान्यता द्या, किंवा कायदाच बदला. दुसऱ्या पर्यायात निम्मे सुभेदार नाराज होतात. तपासणीसाठी आलेल्या खेळाडूंपैकी बहुतेक जण पहिला पर्याय घेतात. तो स्वस्त पडतो.

ब्युजोल्डचंच सेटागांडा हे दुसरं साम्राज्य वाचलं तर सत्तेचं चित्र पार उलटं. तिथे पुरुष सम्राट, पुरुष सुभेदार, पुरुषांच्या लढाया. पण राज्यकर्त्या जातीची जनुकं स्त्रियांच्या हातात आहेत. पुढच्या पिढीत कोण जन्मावं, कोणत्या गुणांचं जन्मावं, हे त्या ठरवतात आणि लोकांसमोर येतात त्या तरंगणाऱ्या, दुधी बुडबुड्यांमध्ये बसून, कुणाला तोंड न दाखवता. हर्बर्टच्या पंथाशी हे जुळतं, पण ब्युजोल्डच्या बायकांना स्वतःचं राजकारण आहे आणि साम्राज्याच्या भवितव्याबद्दल आपसात मतभेद आहेत. त्या कुणा एका तारणहार मुलाची वाट बघत नाहीत.

पडद्यावरच्या साम्राज्यांत वारशाचा विचार कमी, सोय जास्त. १९९१ साली ‘स्टार ट्रेक’च्या मालिकेत क्लिंगॉन साम्राज्याच्या उच्च परिषदेत बायकांना जागा नाही असं सांगितलं गेलं, आणि त्याच वर्षीच्या चित्रपटात चॅन्सेलर गॉर्कनचा खून झाल्यावर त्याची मुलगी ॲझेटबर चॅन्सेलर झाली. कथेला जे लागलं ते लिहिलं. ‘स्टार वॉर्स’मधली पद्मे अमिडाला चौदाव्या वर्षी राणी म्हणून निवडून येते आणि मुदत संपली की पायउतार होते, लोक घटना बदलायला तयार असतात, ती नको म्हणते. निवडून आलेली, मुदतबंद राणी ही कल्पना मला अजून मोहवते. दुर्दैवाने चित्रपटांनी तिच्या राज्यकारभारापेक्षा तिच्या केशरचनेला जास्त वेळ दिला.

उर्सुला ल गिनने १९६९ साली ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये सगळ्या शीटचाच पाया काढून घेतला. गेथेन ग्रहावरची माणसं महिन्यातले थोडे दिवस स्त्री किंवा पुरुष होतात, एरवी काहीच नसतात. कुणीही आई होऊ शकतं, कुणीही बाप. तिथल्या कार्हाइड देशाचा राजा गरोदर राहतो. वंश मोजला जातो तो ज्याने स्वतःच्या पोटातून मूल जन्माला घातलं त्याच्याकडून. तिथे ‘लिंग’ हा रकानाच निरर्थक आहे. ल गिनने त्या माणसांना सरसकट पुरुषी सर्वनाम वापरलं म्हणून तिच्यावर टीका झाली. आधी तिने एका निबंधात त्याचं समर्थन केलं आणि पुढे त्याच निबंधाला टिपा जोडून मत बदललं. आमच्या खेळात गेथेनसारखी एक प्रजाती असावी म्हणून मी खूप भांडले. ती आहे. चित्रकाराने तिच्या राज्यकर्त्याची पहिली दोन चित्रं आणली तेव्हा दोन्हींत रुंद खांदे होते. “राजा वाटला पाहिजे ना,” तो म्हणाला. मी म्हटलं, “अरे, राजा कसा दिसतो हे कुणी ठरवलं?” नंतर त्याने पोट पुढे आलेला, लोकरी झग्यातला, थकलेला राज्यकर्ता काढला. आमच्या खेळातलं ते सर्वांत चांगलं चित्र आहे असं मी मानते.

गेल्या काही वर्षांतल्या दोन लेखिकांनी प्रश्न आणखी पुढे नेला. ॲन लेकीच्या ‘ॲन्सिलरी जस्टिस’मध्ये (२०१३) राद्च साम्राज्यात सगळ्यांनाच ‘ती’ म्हणतात. तिथल्या सत्ताधीशाने वारशाचा प्रश्न मुळातून संपवलाय: अनांदर मियानाई हजारो शरीरांत पसरलेली आहे, तीन हजार वर्षं राज्य करतेय, तिला मरण नाही म्हणून वारस नाही. आणि मग ती स्वतःविरुद्धच फुटते. वारसाहक्काचं युद्ध एकाच व्यक्तीच्या आत पेटतं. या साम्राज्यात बाई म्हणून कुणाला कमी लेखलं जात नाही, पण जिंकलेल्या ग्रहांवरच्या माणसांची मनं पुसून त्यांची शरीरं सैनिक म्हणून वापरली जातात. ‘ती’ म्हटल्याने त्यांचं काहीच हलकं होत नाही. हे वाचून मी काही दिवस शीटला हात लावू शकले नाही. आमच्याही खेळात जिंकलेल्या सुभ्याची लोकसंख्या हा फक्त आकडा होता.

आर्केडी मार्टिन बायझंटाइन इतिहासाची अभ्यासक आहे आणि ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’मध्ये (२०१९) ते पानापानावर जाणवतं. तेइक्सकलान साम्राज्याचा म्हातारा सम्राट आपलाच क्लोन वारस म्हणून वाढवतोय. त्याच्यासमोर लेझेल नावाचं एक छोटं अंतराळस्थानक आहे, जिथे पदाचा वारसा रक्ताने जात नाही, आठवणीने जातो. आधीच्या माणसाच्या आठवणी यंत्रातून पुढच्याच्या मेंदूत उतरतात. माहित ही तरुणी आधीच्या राजदूताच्या, एका पुरुषाच्या, आठवणी डोक्यात घेऊन काम करते. अनुभव कुणाचा आणि देह कुणाचा याचा तिथे काही संबंध नाही. वारशाचे जेवढे नियम मी वाचले त्यांत मला हा सर्वांत न्याय्य वाटतो, आणि तो नियम साम्राज्याचा नाही. ज्याला साम्राज्य गिळायला निघालंय त्या लहानशा वसाहतीचा आहे. कादंबरीच्या शेवटी सम्राटपद नाइन्टीन ॲड्झ या स्त्रीकडे येतं आणि तो क्लोन मुलगा तिचा वारस राहतो. ती समर्थ आहे, मला आवडते, आणि तिच्या हातातलं साम्राज्य लेझेलसाठी तेवढंच धोक्याचं आहे.

आमच्या शीटमधली शेवटची मोठी अडचण अज्ञान वारसाची होती. राज्यकर्ता मेला, वारस चार वर्षांचा. मग कारभार पालकाकडे. पहिल्या मसुद्यात सोपा नियम होता: वारस अठरा वर्षांचा झाला की पालक आपोआप बाजूला. तो मला खटकला. मी साताऱ्याकडची. संगम माहुलीला ताराराणींची समाधी लहानपणापासून पाहिलेली. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज गेले तेव्हा त्यांचा मुलगा लहान होता, औरंगजेब दख्खनमध्ये तळ ठोकून होता, आणि १७०७ साली त्याच्या मृत्यूपर्यंत मराठ्यांचं राज्य त्यांच्या या राणीने लढवत ठेवलं. हे सगळं मुलाच्या नावाने. नाव मुलाचं होतं म्हणूनच १७१४ साली पन्हाळ्यावर दरबारातल्या कटाने दुसऱ्या राणीच्या मुलाला गादीवर बसवता आलं आणि ताराराणी मुलासह कैदेत गेल्या. त्यांच्या कर्तृत्वाला शीटमध्ये रकानाच नव्हता. आधीच्या नियमात त्या खेळात आल्या असत्या तर संगणकाने त्यांची सात वर्षं मुलाच्या खात्यावर जमा केली असती.

विज्ञानकथा इथे फारशी मदतीला आली नाही. ‘ड्यून’च्या पुढच्या भागांत पॉलची बहीण आलिया त्याच्या जुळ्यांच्या नावाने राज्य करते, आणि हर्बर्ट तिला आजोबांच्या भुताने झपाटून वेडी करतो. पालक म्हणून राज्य करणारी बाई सत्ता सोडत नाही याचं कारण त्याला तिच्या आत सापडतं. बायझंटाइन इतिहासातली आयरीन त्याहून खरी आहे. मुलाच्या नावाने राज्य चालवलं, त्याचे डोळे काढवले, ७९७ ते ८०२ एकटीने राज्य केलं. ती क्रूर होती. पण तिच्या क्रौर्यामागे एक साधा हिशेब होता: मुलगा बाजूला सारल्याशिवाय तिच्या स्वतःच्या नावाला जागा नव्हती.

प्रोग्रॅमर आणि मी मिळून नवा नियम केला. पालकाच्या काळात झालेले विजय, पडलेले दुष्काळ, भरलेला किंवा रिकामा झालेला खजिना, सगळं पालकाच्या स्वतःच्या खात्यावर जमा होतं. वारस वयात आला की आपोआप काही होत नाही. सैन्य, सुभे आणि खजिना कुणाच्या बाजूने आहेत ते मोजलं जातं. आई पालक असो की काका, मोजमाप एकच. पालकाने सोडायचं ठरवलं तर सन्मानाने सोडता येतं. नाही ठरवलं तर यादवी होऊ शकते, किंवा दोघांचं संयुक्त राज्य, किंवा पालकाच्याच नावाने गादी.

प्रोड्युसरला हे फार गुंतागुंतीचं वाटतंय. पालकाचा कालखंड खेळात क्वचित येतो, त्यासाठी एवढा कोड कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याला दाखवायला मी रात्रीच्या डावांमधून एक डाव काढून ठेवलाय. त्यात एका सीमेवरच्या लहान साम्राज्यात राणी मेलीय, वारस तिची पाच वर्षांची मुलगी, आणि पालक तिचा बाप, दुसऱ्या घराण्यातला. दोन मोठी साम्राज्यं दोन्ही बाजूंनी चालून येताहेत. त्याने तेरा वर्षं सीमा राखली, मुलगी वयात आली, मोजणी झाली, सैन्य बापाच्या बाजूने आणि सुभे मुलीच्या बाजूने निघाले. यादवी झाली नाही. संगणकाने संयुक्त राज्य निवडलं, आणि पुढच्या पिढीत सुभेदारांनी लेकीची लेक गादीवर बसवली. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा डाव पहिल्या वर्षापासून सगळ्यांसमोर चालवायचा आहे.